दारावरचा कागद

पाव घेऊन परतलेल्या रालित्साला इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीचा निधनाचा कागद दिसला. कोण गेलं बघायला ती थांबली, तर नाव तिचंच, फोटोही तिचाच. खाली ओळ होती, ‘पुरुषांना बेड्या घालतेस? आता शांत झोप, इन्स्पेक्टरबाई!’ टीव्ही मालिकेत इन्स्पेक्टर बनून तिने लाडक्या नायकाला पकडल्यापासून प्रेक्षक पिसाळलेच होते. तळमजल्यावरच्या स्तांकाआजी दार उघडून किंचाळल्या, “अगं, जिवंत आहेस? तुझ्या आत्म्यासाठी गहू शिजत घातलेत!” “कुणीतरी चेष्टा केलीय, आजी.” तिने हसत कागदाला हात घातला. “फाडू नकोस! वाऱ्यापावसानेच जायचा असतो. फाडणाऱ्याच्या घरी दुसरा लागतो.” “घरी मी एकटीच,” म्हणत तिने फोटो निरखला. मालिकेतला नव्हता, समोरच्या इमारतीतून काढलेला होता. त्यात ती गॅलरीत निळी चादर वाळत घालत होती. तिने वर पाहिलं. बेकरीकडे निघताना वाळत घातलेली तीच चादर अजून टपटप गळत होती.