छातीचा फोटो

पूजाच्या वागण्याला कुसाबाई पार विटल्या होत्या. सासूनं काही विचारलं की सून गप्प. बाळ जरा रडलं की उचलून आत, आणि आतून कडी. आताही द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात ती बाळाला असं घट्ट धरून बसली होती, जणू कुणी हिसकावूनच नेणार होतं.

"मूग गिळलेत का गं? पाय कशानं सुजला, सांग की डॉक्टरीणबाईंना!"

पूजानं बाळाचा सुजलेला पाय दुपट्यानं झाकला.

"पलंगावरून पाडलं हिनं," हर्षल म्हणाला. कुसाबाईंचा हा एकुलता एक लेक. "लक्ष कुठं असतं!"

कुसाबाईंनी नाक मुरडलं. त्यांच्या हातची मालिश गल्लीत नावाजलेली. पाय लांब करून बसायच्या नि दुसऱ्यांची पोरं चोळून-न्हाऊ घालून गुटगुटीत करायच्या. "आता फक्त नातवाची करते, बाकी बंद," असं त्या तोऱ्यात सांगत. आणि ह्या पोरीला एक लेकरू सांभाळता येईना!

डॉक्टर उज्ज्वलांनी सगळ्या अंगाचे एक्स-रे काढायला लावले, तशा कुसाबाई कडाडल्या, "दुखणं पायाचं, नि छातीचा फोटो कशाला?"

 थोड्या वेळानं तिघांना आत बोलावून डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"या बरगड्या. इथं गाठी दिसतात? मोडून जुळत आलेली हाडं आहेत. पायाचं मोडणं मात्र ताजं आहे. पलंगावरून पडून बरगड्या अशा मोडत नाहीत. कुणीतरी छाती दोन्ही हातांत आवळली आहे. हे मला पोलिसांना कळवावंच लागेल. बाळ बरं होईल; पण ते कुणाच्या हाती द्यायचं, हे आधी ठरेल."

हर्षलनं कपाळ पुसलं. "मॅडम, मालिश! आईचा हात जड आहे. मी कामावर गेलो की रोज तीच करते. गल्लीत कुणालाही विचारा."

"खरं का, आजी?"

"सांग ना, आई," हर्षल त्यांच्या कानाशी लागला. "चुकून झालं म्हण. म्हातारीला कोण काय करतंय?"

कुसाबाईंनी लेकाकडे एकदा नीट पाहिलं. मग पदर सारखा करून त्या सुनेकडे वळल्या.

"पूजे, तू पोर माझ्या पायावर कधी दिलंच नाय, नि मी लाजेपायी गल्लीभर खोटं मिरवत राहिले. आजपर्यंत त्याच्या अंगाला माझं बोट लागलेलं नाय, हे बाईंना लिहून घेऊ दे. आन् पोराला घेऊन तू घरी चल, घर माझ्या नावावर हाय; ह्याला आता तिथं पाऊल ठेवू द्यायची नाय मी."