चित्रातला उंबर

पैनगंगेच्या पुराने बांध आणि बांधावरचा उंबर दोन्ही नेले, आणि जगदेव व उकंडराव या शेजाऱ्यांत भाजीच्या मळ्यांच्या हद्दीवरून वाद पेटला. वरचा मळा उकंडरावचा, खालचा जगदेवचा. उंबर काळ्या खडकाच्या वरच्या अंगाला होता, असे जगदेवचे म्हणणे. खालच्या अंगाला होता, असे उकंडरावचे. पुरावा एकच उरला होता: विलायतेहून चित्रकला शिकून आलेल्या दिवंगत गुलाबरावांनी त्याच काठावर बसून रंगवलेले चित्र. पंच त्यांच्या घरी जमले.

"नदी नारंगी, आभाळ हिरवं," जगदेव कुरकुरला, "अन् झाड तेवढं खरं कसं?"

"रंगात माणूस चुकते, जागेत नाही," उकंडराव म्हणाला.

हा युक्तिवाद पंचांना निर्दोष वाटला. चित्रात उंबर खालच्या अंगाला, थेट जगदेवच्या वांग्यांत उभा होता. निवाडाही तसाच झाला.

निरोप देताना गुलाबरावांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या, "उंबर तं वरच्या अंगालेच होता. चित्राचा थो कोपरा रिकामा दिसे, म्हणून यायनं तिथं नेऊन लावला. मी तवाच म्हटलं, लोकायच्या वावरात काहून झाड लावता?"

"वैनी, मंग मघाशी काहून नाही सांगतलं?" एका पंचाने विचारले.

"मले कोनं इचारलं? तुमी तं चित्रालेच इचारून राह्यले होते."