तीन हात खडक

राजसी कोसळलेल्या स्लॅबला कान लावून पालथी पडली होती. उल्हासनगर कॅम्प चारमधली त्यांची इमारत दुपारी खाली आली. रात्रपाळी करून आलेला तिचा नवरा, भूपेश, दुसऱ्या मजल्यावर झोपला होता. ती तेव्हा अंबरनाथच्या कॉलेजात इतिहास शिकवत होती.

शिकवत होती तरी काय, तर जेरुसलेमच्या बोगद्यातला शिलालेख. अश्शूरची फौज चालून येतेय म्हणून हिज्कीया राजाने पाणी शहरात आणलं, असं बायबल सांगतं. बोगद्यातल्या दगडावर मात्र राजाचं नावसुद्धा नाही. तिथे आहेत नुसते खोदणारे. दोन टोळ्या समोरासमोरून खोदत आल्या. तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली आणि ते हाकेच्या रोखाने खोदत गेले. भूपेश हसायचा. त्या राजाला सांग, म्हणायचा, आमच्या नळालाही पाणी आण.

त्या शिलालेखाच्या भरवशावर तिने बचाव पथकाच्या जवानांच्या हातापाया पडून ढिगारा उपसायचं मशीन बंद करायला लावलं होतं, आतली हाक ऐकू यावी म्हणून. गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यांनीही शिलाई थांबवली. आता जवान हातांनी ढिगारा उपसत होते, भूपेशच्या खाटेच्या अंगाला. तिथून हूं नाही की चूं नाही. अरे, एकदा तरी ओ दे, म्हणून ती स्लॅबला विनवत होती.

आणि हाक आली. पण ती उलट्या बाजूने, जिन्याकडून. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या टेकचंदकाकांची. दुसऱ्या कुणाला ती ऐकू गेली नव्हती.

"काय ऐकलंत, ताई?" पथकाच्या प्रमुखाने विचारलं. "स्लॅब सरकतोय. आता एकाच बाजूने जाता येईल."

गप्प बसली असती तर कुणी तिला बोल लावला नसता.

"जिन्याकडे," ती म्हणाली. आणि खाटेच्या बाजूला पाठ करून ढसाढसा रडली.

जवान जिन्याकडे वळले. अंधार पडता पडता एक माणूस मावेल एवढं भोक झालं. काकांना ओढायला गेले, तर म्हाताऱ्याने जवानाचा हातच धरून ठेवला.

"मेरे को बाद में," ते म्हणाले. "पहले ये दीवार तोडो. मी आवाज देतोय, आणि पलीकडून भूपेश केव्हाचा माझ्याकडे खोदत येतोय."