लाल ओळी

तास संपले की लॅबमध्ये थांबायचं आणि कॉम्प्युटर सायन्सला नव्यानं आलेल्या पोरापोरींचं अडलंनडलं सोडवायचं, हे काम कॉलेजनं तिसऱ्या वर्षाच्या नौशीनच्या गळ्यात घातलं होतं. सर लोकांना विचारायला भितात, पोरीला विचारतील, असा त्यामागचा हिशेब.

पण विचारतं कोण! ती जवळ गेली की सगळे शाळेतल्यासारखे उठून उभे राहायचे.

"कुठं अडलं का?"

"नाय मॅडम."

कॉम्प्युटरचा पडदा बघावा तर कोरा. महिनाभर हेच चाललं होतं.

आजही तेच. करमाडहून येणाऱ्या शिवकन्यापर्यंत पोचता पोचता नौशीनला विचारायचाही कंटाळा आला. ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि सकाळपासून छळणारा स्वतःचाच प्रोग्रॅम तिनं पुन्हा चालवून पाहिला. पडदाभर चुकांच्या लाल ओळी आल्या. तिनं टेबलावर डोकं टेकलं.

शिवकन्या वाकून बघत होती. "मॅडम, तुम्हाला पण लाल येतं?"

"रोज येतं गं बाई."

मग नौशीनला येताना बघून घाईघाईनं पुसून टाकलेला आपला प्रोग्रॅम शिवकन्यानं परत आणला आणि चालवला. तोही लालेलाल.

"ताई, हे बघता का जरा?"

नौशीननं डोकं वर केलं. मागं पटापट कीबोर्डच्या कळा वाजत होत्या आणि एकेका कोऱ्या पडद्यावर लाल उमटत चाललं होतं. आपली बजाजनगरची बस आज गेलीच, हे तिला कळून चुकलं.