दगडावरचं कुंकू

"आई, हे तुम्ही केलंत?"

वैदेही दारातच थबकली. लिन यांच्या खिडकीपाशी, कोरीव लाकडी बैठकीवर, हातभर उंचीचा करडा दगड उभा होता. वेडावाकडा, आरपार भोकं पडलेला. त्याच्या माथ्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता आणि टिळ्याला तांदळाचे चार दाणे चिकटले होते.

खालच्या मजल्यावरचे म्हातारे चिनी शेजारी लिन अंगातला कोटही न काढता दगडासमोर उभे होते. ग्रोनिंगनला मुलीकडे दहा दिवस राहून ते नुकतेच परतले होते. परतल्या परतल्या त्यांनी वरच्या मजल्यावर फोन केला होता, "जरा खाली येता का?" वैदेहीचा तो घरून कामाचा दिवस होता. ती मीटिंग सोडून सासूबाईंना घेऊन धावत खाली आली होती.

जयंतीबाई सुनेच्या मागे अंग चोरून उभ्या होत्या.

दहा दिवस लिन यांच्या कुंडीतल्या बुटक्या झाडाला पाणी घालायचं काम त्यांच्याकडे होतं. काम पाच मिनिटांचं, पण त्या दोन-दोन तास थांबायच्या. पुण्याहून मुलाकडे येऊन महिना झाला होता. गंधार आणि वैदेही बहुतेक दिवशी आठला बाहेर पडत ते सहाला येत. मधल्या वेळात रॉटरडॅमची ट्राम तेवढी खालून जायची. इथे निदान बघायला काही होतं. ब्रश होते, शाई होती, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा अर्धा सोडलेला डाव होता, भिंतीवर सात तारांचं वाद्य होतं. जुन्या चीनमधले विद्वान लोक फावल्या वेळात असंच काहीबाही करत, असं वैदेहीने सांगितलं होतं. लिहायचं, वाजवायचं, डाव मांडायचा, दगड बघत बसायचं.

"दगड बघत?" जयंतीबाईंना हसू आवरेना. पेन्शनीत निघालेल्या माणसांचे रिकामपणचे उद्योग!

तिसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच बघत बसू लागल्या. मग बोलूही लागल्या. दगड मध्येच मोबाइल बघत नव्हता.

आता हे दार बंद होणार, हे त्यांना कळलं. परत जायला अजून दोन महिने होते. ते काढायचे कुठे?

"आय ॲम सो सॉरी, मिस्टर लिन," वैदेही इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे दगडाला कुंकू लावून देव मानतात. त्यांना वाटलं, हा तुमचा देव आहे. मी आत्ता पुसते." तिने पर्समधून ओला टिश्यू काढला. दगड लिन यांच्या वडिलांनी बोटीतून आणलेला आहे हे तिला माहीत होतं.

"पुसू नकोस." जयंतीबाईंचा आवाज चढला. "देव नाही गं तो. काल भाऊबीज होती."

वैदेहीचा हात थांबला.

"शशिकांत गेल्यानंतरची पहिली. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, असं माझी आई सांगायची. पाचपासून गॅलरीत ताट घेऊन उभी होते. तुमच्या या गावाला चंद्र आहे कुठे? नुसते ढग. मग इथे आले आणि याला ओवाळलं."

काल ऑफिसातून वैदेहीने तिच्या भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं होतं. सासूबाईंना विचारायचं तिला सुचलंही नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लिन यांना सगळं सांगितलं, अडखळत, पण एकही गोष्ट न गाळता.

लिन यांनी पुढे होऊन टिळा जवळून पाहिला.

"नऊशे वर्षांपूर्वी आमच्याकडे एक अधिकारी होता," ते म्हणाले. "नेमणुकीच्या गावात त्याला असाच एक विचित्र दगड दिसला. त्याने दरबारी झगा मागवला, अंगात चढवला, दगडाला वाकून नमस्कार केला आणि त्याला 'दादा' म्हणाला. लोक खूप हसले. मी एकुलता एक. वडिलांनी मला लहानपणी याच्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, हा तुझा दादा. सत्तर वर्षं मी रोज सकाळी याला वाकतो. बायको हसायची. मुलगी अजून हसते."

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि चहाची किटली भरली.

"त्यांना म्हणावं, रोज या. झाडाला पाणी मी घालीन."

संध्याकाळी गंधार घरी आला तेव्हा आई घरात नव्हती. साडेसहाला ती जिना चढून आली.

"कुठे होतीस, आई?"

जयंतीबाईंनी चपला काढून नीट कडेला ठेवल्या.

"माहेरी."