बाहीवरचे आकडे

"हे बंद करायचंय, अक्का," गुरुप्रसाद म्हणाला आणि त्याने शकुंतलाबाईंच्या बाहीकडे बोट दाखवलं.

बाहीवर चिकटपट्टीचा पांढरा तुकडा होता, सलाईनच्या सुईवर लावतात तसला. बायकांच्या वॉर्डात फेरी मारताना नर्स शकुंतलाबाई ताप-बीपीचे आकडे त्यावर पेनाने उतरवायच्या आणि दुपारी सवड मिळाली की टॅबमध्ये भरायच्या. नोंदी तासन् तास उशिरा चढत. मेट्रन मेधा मॅडमनी साफ सांगितलं होतं, आज गुरुप्रसाद बघून जाईल. आजही जमलं नाही तर सोमवारपासून रेकॉर्डची खोली. तिथे फायली असतात, माणूस नसतं. बाईंनी एकतीस वर्षं माणसांत काढली होती.

गुरुप्रसाद मूळचा हुबळीचा, आता बेंगळुरूला. नोंदींचा हा प्रोग्राम त्यानेच बनवलेला. माणूस वाईट नव्हता, पण आजाऱ्याच्या उशाशी कधी बसलेला नसावा.

"एका पेशंटला तीन मिनिटं. आम्ही मोजलंय," तो म्हणाला.

"मग तुम्हीच भरा की. मी तपासते, आकडे सांगते. आठच तर खाटा आहेत."

पहिल्या खाटेवर कलघटगीच्या कुसुमावतीअज्जी. टॅबवर लाल चांदणीचा प्रश्न आला. उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. गुरुप्रसादने खाकरून विचारलं, "अज्जी, सिगारेट ओढता का?"

ऐंशीच्या अज्जींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काल पण हेच विचारलं या बाईनं. तूच बनवलंस होय हे? बरं, आधी नीरु दे."

त्याने टॅब ठेवला, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, अज्जींना मानेला आधार देऊन पाजलं. परत येतो तो टॅब मिटलेला. पासवर्ड टाकला तर पान कोरं.

"दोन मिनिटं हात लागला नाही की मिटतो," तो पुटपुटला. "सुरक्षेसाठी."

"हो ना," बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं, पण त्यांनी ते गिळलं.

दुसरीचं धड भरून होतंय तोवर तिसरीची सलाईन संपली. चौथीला उलटी आली. भांडं धरायला जवळ तोच होता. टॅब काखेत, भांडं हातात, आणि बाई आपल्या सांगतायत, नाडी ब्याऐंशी, बीपी एकशेदहा-सत्तर. पाचवीपाशी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात तिघींचे आकडे साठले होते. तो घाईघाईने टॅबवर बोट चालवू लागला, तशी बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"तो ताप तिसरीचा आहे. चौथीच्या नावावर चढला तर औषधही तिलाच जाईल."

गुरुप्रसादचा चेहरा उतरला. तो चौथ्या खाटेकडे बघत राहिला. ती बाई आता शांत पडली होती आणि त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "जरा ती चिकटपट्टी."

बाईंनी लांबलचक तुकडा फाडून दिला. पेनही दिलं.

जेवणाच्या सुट्टीआधी दोघं मेधा मॅडमच्या केबिनमध्ये उभी होती. टेबलावर रेकॉर्डच्या खोलीचा कागद तयार होता, सहीपुरता. बाईंना त्यावरचं स्वतःचं नाव उलटं दिसत होतं.

"झालं का बघून?" मॅडमनी विचारलं. "मग सांगा, पाच नंबरच्या बाईला ताप किती?"

गुरुप्रसादच्या हातात टॅब होता. त्याने शर्टाची बाही जरा पुढे ओढली आणि वाचलं, "एकशे एक. सकाळी दहा वीसला."

मॅडमनी त्याची बाही बघितली, मग शकुंतलाबाईंची. मग तो कागद त्यांनी उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.