रिळावरची तार

रूपाने पुढ्यात ठेवलेलं ताट ठकुबाईने पायाने सरकवलं. आमटी ओटीभर सांडली.

"माझ्या पोराला गिळलंस, आणि आता मला जेवाया घालतेस?"

रूपा फडकं घेऊन ओटी पुसायला बसली. सुनेचं हे गप्प राहणंच ठकुबाईच्या डोक्यात जायचं. उलट बोलली असती तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

शेलार गावातल्या या घरात जीवनच्या फोटोला हार चढल्यापासून रोज हेच चाललं होतं. जीवन फौजेत होता, रणगाड्यांवर क्षेपणास्त्र डागणाऱ्या तुकडीत. क्षेपणास्त्र मूळचं परदेशी कंपनीचं, तिच्या परवान्यावर आपल्याकडे बनणारं. उडालं की पतंगाने मांजा ओढावा तशी मागे केसाएवढी बारीक तार सोडत जायचं आणि डागणारा त्या तारेवरूनच त्याला निशाण्याकडे वळवायचा. सरावाच्या वेळी ती तार मध्येच तुटली. बेलगाम झालेलं क्षेपणास्त्र गिरकी घेऊन जीवनच्याच खंदकावर आलं.

आणि ती तार रिळावर गुंडाळली जायची इथेच, भिवंडीच्या वेशीवरच्या एका लहानशा युनिटात. मशीन एकच, त्यावर बसणारी बाईही एकच. आधी ठकुबाई होती. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले तेव्हा मालकाच्या हातापाया पडून तिनेच आपल्या जागी सुनेला बसवलं. आता तेच तिला आतून खात होतं. आपण इतकी वर्षं जीव ओतून केलेलं काम या धांदरट पोरीच्या हातात दिलं! कंपनीच्या साहेबाच्या ड्रॉइंगप्रमाणे वेढ्याला वेढा चिकटून बसायला हवा, ते हिला कसलं जमतंय?

"आज हिला घराबाहेर काढते," ती दामूला म्हणाली. दामू तिचा धाकटा दीर. भावकीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

"ठकुवहिनी, विधवा पोर हाय ती. अशी कशी काढशील? तार हिच्यामुळंच तुटली हे कुणी पाह्यलंय?"

"दौलतनं पाह्यलंय. जीवनच्याच तुकडीतला, शेजारच्या खंदकात होता तो. सुट्टीवर आलाय वडप्याला, मी बोलावलंय त्याला. चार माणसांत त्याच्या तोंडून ऐका, मग तरी पटंल ना?"

फडकं पिळता पिळता रूपाचे हात थांबले.

"दौलतभावजींना कशाला बोलावलंत, आई?"

"का? घाम फुटला?"

रूपा उठली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. दोन साड्या घाईघाईत कोंबलेल्या.

"मी जाते. आत्ताच वज्रेश्वरीला माहेरी जाते. पण दौलतभावजींना येऊ देऊ नका."

"बघा, दामूभावजी, बघा!" ठकुबाईने टाळीच वाजवली.

"माझ्याच हातून चूक झाली," रूपा दामूकडे वळून म्हणाली. "काका, मी कबूल करते. लक्ष नव्हतं माझं. आता त्यांना परत पाठवा."

दामूने मान खाली घातली. इतके दिवस तो या पोरीची बाजू घेत आला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. आरडाओरडा ऐकून ओटीवर जमलेल्या शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्या.

ठकुबाईच्या छातीतला जाळ मात्र एवढ्याने विझणार नव्हता.

"अशी न्हाय सुटायचीस तू. कसा गेला माझा पोर, ते सगळ्या गावानं ऐकलं पायजे. तुला बी ऐकायला लागंल."

तेवढ्यात दौलतची मोटारसायकल दारात थांबली. पायरीशी येऊन तो तसाच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"बोल, दौलत. तार कशी तुटली?"

"काकी, झालं ते झालं. आता ते उकरून काय जीवन परत येणार हाय?"

त्याची नजर रूपाकडे गेली. रूपाने हळूच मान हलवली, नको म्हणून.

"तिच्याकडं काय बघतोस? तिनं तोंड दाबलंय तुझं?"

"वहिनींनी शपथ घातलीय मला," दौलत म्हणाला. "जीवनची."

"आणि मी कोण त्याची? जन्म दिलाय मी त्याला! आईला सांगायचं न्हाय तर कुणाला सांगायचं? बोल!"

रूपाने पदर तोंडाशी धरला. दौलत खाली बघत हातातलं हेल्मेट फिरवत राहिला. मग एका दमात बोलून गेला.

"सरावाला नवा माल देत न्हाईत, काकी. डेपोत वर्षानुवर्षं पडलेला, मुदत संपत आलेला देतात. त्या दिवशी जीवननं पेटीवरचं साल वाचलं आणि एकदम खुलला. म्हणाला, 'दौल्या, सांभाळून उचल. हे माझ्या आईच्या हातचं हाय.'"